हरियालाची हजेरी

फेब्रुवारीत सेनबा-सानची बायको मिचिए गेली आणि तिच्यामागोमाग त्यांची भूकही गेली. जेवण सुटलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले की ते हात धुवायचे, भात, मिसोचं सार आणि स्वतःच सुकवलेला बांगडा पुढ्यात घ्यायचे आणि कारकून समोरची फाइल उरकतो तसं ताट उरकायचे. मासा खारट झालाय की अळणी, तेही कळायचं नाही. आणि हे कुणाच्या बाबतीत? तर ज्याच्या हातच्या बांगड्यासाठी शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून आमच्या नामिगासेला येतात, त्याच्या!

रडले नाहीत ते. अंत्यविधीला नाही, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीलाही नाही. गावात कुजबुज झालीच. "माणूस आहे की बर्फाची लादी?" असं बंदरावरच्या बायका म्हणाल्या. त्यातल्या दोघी स्वतःच्या सासूला पोचवून येताना आइस्क्रीम खायला थांबल्या होत्या, ते सोडा. सेनबा-सान काही लपवत नव्हते. लपवायला आत काही असावं लागतं. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण आपला वाटत नाही. त्यांचं सगळं अंगच तसं झालं होतं. पहाटे उठावं, बांगडे उभे चिरावेत, मिठाच्या पाण्यात बुडवावेत, परसातल्या फिरत्या चाकाला लटकवावेत आणि चाक चालू करावं. ते दिवसभर फिरायचं आणि दर फेरीला एकदा किंचाळायचं, चीं. त्याला तेल घाला म्हणून मिचिए वर्षानुवर्षं मागे लागली होती. आता कुणी मागे लागत नव्हतं आणि चाक किंचाळतच होतं.

मिचिए पक्षिमंडळातली. सेनबा-सानचा त्या मंडळाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या लेखी पक्षी दोन प्रकारचे, मासे पळवणारे आणि न पळवणारे. पण मिचिएला एकदा कुसाकाबे-सेन्सेईंनी गाठलं. या सेन्सेई म्हणजे प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि पक्षिमंडळाच्या अध्यक्ष. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. त्या आल्या मासे घ्यायला, आणि "तुमच्या दारात गळाची ही तुटकी दोरी पडलीय, कालच अशी एक पक्ष्याच्या पायातून कापून काढली मी," असं दटावून मिचिएला सदस्य करूनच गेल्या. मासे घ्यायचे विसरल्या.

उन्हाळाभर डोंगरातल्या रानातून हरियालांचे थवे आमच्या खडकांवर उतरतात आणि समुद्राचं खारं पाणी पितात. रानातली फळं खाऊन अंगात मीठ कमी पडतं म्हणे. हिरवीगार कबुतरं ती, लाट फुटली की उडतात, ओसरली की पुन्हा येऊन चोच बुडवतात. एखाद्याला लाट घेऊनही जाते. त्या दिवसांत मंडळ खडकांभोवती दोर बांधतं, गळ टाकणाऱ्यांना हातापाया पडून लांब बसवतं आणि शाळेच्या मुलांकडून किनाऱ्यावरचं नायलॉन वेचून घेतं. मिचिएनं या सगळ्यात भर घातली ती कानांची. तिनं मुलांसाठी ऐकण्याचा वर्ग काढला. डोळ्यांना दिसतो तो पक्षी कुणालाही कळतो, झाडात लपलेला कळला तर खरं, असं म्हणायची. त्यासाठी केसाळ टोपी घातलेला एक मायक्रोफोन घेऊन ती बारा महिने रानात आणि किनाऱ्यावर हिंडायची आणि आवाज जमा करायची.

मंडळाचा एक नियम होता. आवाज मुद्रित केला की शेवटी आपल्याच तोंडानं सांगून ठेवायचं: जागा कुठली, दिवस कोणता, हवा कशी, पक्षी कोण. कागद हरवतात, आवाजाला चिकटलेला आवाज हरवत नाही, हे सेन्सेईंचं म्हणणं. याला मंडळात शेपटी म्हणत. दुसरा नियम हजेरीचा. प्रत्येक फेरी संपली की सगळ्यांनी गोल बसायचं, सेन्सेईंनी एकेका पक्ष्याचं नाव पुकारायचं आणि ज्यानं तो त्या दिवशी पाहिला किंवा ऐकला असेल त्यानं हात वर करायचा. एक जरी हात आला तरी पक्षी हजर. मिचिए या हजेरीच्या बाबतीत भारी कडक. एकदा कुणीतरी अर्धवट ऐकलेला खंड्या सेन्सेईंनी हजर मांडला, तर ती घरी येऊन संध्याकाळभर धुमसत होती. "अहो, न आलेल्याला हजर म्हणायचं म्हणजे आलेल्यांचा अपमान नाही का?" सेनबा-सान म्हणाले होते, "खंड्याला विचार."

मिचिए गेल्यावर सेन्सेई भीत भीत आल्या. हा आवाजांचा डबा मंडळाकडे ठेवला तर चालेल का, मुलांच्या उपयोगी पडेल. डब्यात एक जुनी डिस्क होती आणि बोटाच्या नखाएवढ्या कार्डांची चळत. सेनबा-साननी तो, शेजाऱ्याची राहिलेली छत्री परत द्यावी, तसा देऊन टाकला. त्या दिवशी कुणी त्यांना घर मागितलं असतं तरी दिलं असतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक गिऱ्हाईक आलं. नेहमीची बाई, बोलघेवडी. बांगडे निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या बाईसाहेब काय छान म्हणायच्या हो! 'आज मासा हसतोय, घेऊन जा!' कानात आहे अजून माझ्या."

ती गेली. सेनबा-सान सुरी हातात घेऊन उभे राहिले. आज मासा हसतोय. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. शब्द आले, पण आवाज त्या गिऱ्हाईक बाईचा होता. पुन्हा म्हणून पाहिलं, तर स्वतःचा. मग मिचिए त्यांना "अहो" म्हणायची ते आठवून पाहिलं. तोंड दिसलं, उघडलेलं दिसलं, मुका सिनेमा पाहावा तसं. दुखलं काहीच नाही, पण पडलेल्या दाताच्या खळग्यात जीभ जावी तसं मन दिवसभर तिथेच जात राहिलं.

आठवत होती ती एकच गोष्ट, आणि तो काही गळ्यातला आवाज नव्हता. चाकाच्या किंचाळण्यात आणि रेडिओवरच्या बेसबॉलच्या गदारोळात परसातून हाक ऐकू जायची नाही, म्हणून बारा वाजले की मिचिए मागल्या दारात उभी राहून दोन्ही तळव्यांची पोकळ ओंजळ करायची आणि अंगठ्यांच्या फटीतून फुंकायची. ओऽ, आओऽ, आऽ, ओऽ. कुणी मडक्यात तोंड घालून रडावं तसं. हरियालाची नक्कल ती. डावा अंगठा तिचा वाकडा होता. लग्न झाल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याच फिरत्या चाकात सापडला होता. त्यामुळे शेवटच्या सुराला हवा निसटायची आणि सूर फिसकन मोडायचा. सेनबा-सान त्या हाकेला उत्तर द्यायचे नाहीत. चाक बंद करायचे, हात धुवायचे आणि जेवायला जायचे. उत्तर काय द्यायचं त्यात? पण ती फुंकर झाली. त्यांना हवी होती ती बोलणारी बायको.

घर उलटंपालटं केलं. मूलबाळ नाही, त्यामुळे कुणाच्या वाढदिवसाच्या चित्रफिती नाहीत. कॅमेरा असो की मायक्रोफोन, धरणारी नेहमी तीच. म्हणून सगळीकडे सेनबा-सान होते, वैतागलेले, आणि ती कुठेच नव्हती. तेव्हा त्यांना शेपट्या आठवल्या. इतक्या वर्षांचे आवाज आणि प्रत्येकाच्या शेवटी ती बोललेली. जागा, दिवस, हवा, पक्षी. एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मासेमारी संघाच्या जुन्या इमारतीचा जिना चढून मंडळाच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"अगं बाई!" सेन्सेई उठूनच उभ्या राहिल्या. "सेनबा-सान! मिचिए-साननी इतकी वर्षं ओढलं तेव्हा आला नाहीत, आणि आज आपल्या पायांनी? बसा, बसा. इगुची-सान, जवाचा गार चहा काढा. तो कालचा नको, आजचा."

इगुची-सान म्हणजे पूर्वी आकाशवाणीवर ध्वनीच्या खात्यात होते ते. काटकुळे, सज्जन, लोक गळ्यात पंचा टाकतात तसा यांच्या गळ्यात कायम हेडफोन.

"मिचिएच्या डब्यातलं काही ऐकायचं होतं," सेनबा-सान म्हणाले. "थोडंसंच."

इगुची-सानचा चेहरा असा उजळला की बघवेना. "मी पितरांच्या दिवसांत घरी घेऊन येणार होतो! पण आता आलाच आहात तर…" त्यांनी कपाटातून एक निळी पेटी काढली. झाकणावर हिरवा पक्षी आणि खाली सुबक अक्षरात 'मिचिए ध्वनिसंग्रह'. "जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना देणार आहोत. चार महिने बसलो होतो. ऐका."

त्यांनी कळ दाबली. वटवट्या बोलला. इतका स्पष्ट, की टेबलावरच बसलाय. सेनबा-सान पुढे झुकले. वटवट्याचं गाणं संपलं, क्षणभर शांतता आली, आणि कोकीळ सुरू झाला.

"शेपटी?" सेनबा-साननी विचारलं.

"कापली!" इगुची-सान अभिमानानं म्हणाले. "सगळ्यांची. वारा, मोटारी, माणसांचं बोलणं, सगळं साफ. आता नवं तंत्र आलंय, माणसाचा आवाज लागला की ते आपणहून ओळखतं आणि उडवतं. नाहीतर एकेक ऐकून कापत बसलो असतो तर माझाच एकोणपन्नासावा…" ते थांबले. "माफ करा."

"मूळचं कुठे आहे?"

"मूळची डिस्क कुरकुरायला लागली होती, कधी बसेल नेम नव्हता. साफ झालेलं तेवढं नव्या डिस्कवर घेतलं आणि तिला मोडीत काढलं. कार्डं पुसून मुलांच्या वर्गाला ठेवलीत. मिचिए-साननाही काही वाया गेलेलं खपायचं नाही ना."

कोकीळ संपला, कस्तुर सुरू झाला. खोलीत सगळ्यात आधी समजलं ते सेन्सेईंना. त्यांच्या हातातला पंखा थांबला.

"इगुची-सान," त्या हळू म्हणाल्या, आणि त्यांना हळू बोलताना गावात कुणी ऐकलं नव्हतं, "ते बंद करा. आपण गाढव आहोत. तुम्ही आणि मी. मी सही केली होती."

"का? काय झा…" आणि मग इगुची-सानच्याही लक्षात आलं. ते टेबलावर कपाळ टेकेपर्यंत वाकले; गळ्यातले हेडफोन चहात गेले. बाईच्या नावाची पेटी करायची म्हणून त्यांनी चार महिने खपून बाईला तिच्यातून कणाकणानं काढून टाकलं होतं. पक्षी सोडून दुसरं काही ऐकायचंच नाही, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांच्याच हातून असं होऊ शकतं. तुम्हीआम्ही पक्ष्याकडे दुर्लक्ष करून आधी बाई ऐकली असती.

"असू द्या," सेनबा-सान म्हणाले. "इलाज नाही."

आपण आता रागवायला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. पण राग सुरू कुठून करतात ते आठवेना. त्यांनी चहा प्यायला, तो गार होता एवढं कळलं, आणि ते उठले. सेन्सेई जिन्यापर्यंत मागे आल्या. "रविवारी मुलांचा वर्ग आहे. पेटी पहिल्यांदा वाजवणार आहोत. तुम्ही यावं असं आधी म्हणणार होते, आता कुठल्या तोंडानं म्हणू?"

"येतो," सेनबा-सान म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

रविवार पितरांच्या आठवड्यातलाच होता. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं असतं त्या घराच्या दारात पांढरा कंदील लावतात, परत येणाऱ्या आत्म्याला घर चुकू नये म्हणून. शेजाऱ्यांनी आणून दिलेला कंदील सेनबा-साननी सकाळी टांगला, मासे चाकावर चढवले आणि किनाऱ्यावर गेले. समुद्र खवळलेला होता. खडकांवर लाटा अशा फुटत होत्या की एकही हरियाल खाली उतरला नाही. हिरव्या टोप्या घातलेली मुलं दोराशी उभी राहून कंटाळली. गळाची दोरी वेचून पिशव्या भरल्या, आणि सेन्सेईंनी सगळी वरात टेकडीवरच्या देवळाच्या आवारात कापराच्या झाडाखाली नेऊन बसवली.

"तू, खिशातला खेकडा बाहेर. आत्ताच्या आत्ता. आणि तू हसू नकोस, तुझ्या टोपीत दुसरा आहे." मुलं गप्प झाली. सेनबा-सानना मागे एक घडीची खुर्ची दिली होती. इगुची-सान त्यांच्याकडे बघायचं टाळत पेटी कर्ण्याला जोडत होते.

वर्ग सुरू झाला. आवाज लागायचा, मुलं ओरडायची, सेन्सेई कधी शाबासकी द्यायच्या, कधी "कान घरी ठेवून आलास का रे?" म्हणायच्या. वटवट्या झाला, कोकीळ झाला, घार झाली. सेनबा-सान झाडाच्या बुंध्यावरच्या मुंग्या बघत होते.

"आता मुकुटमणी," सेन्सेई म्हणाल्या. "आज आपल्याला भेटायला आला नाही तो. इतक्या जवळून त्याचा आवाज कुणीच घेतलेला नसेल. नीट ऐका, शेवटचा सूर जरा मोडतो. आमच्या मते म्हातारा नर असावा, खाऱ्या वाऱ्यानं घसा बसलेला."

ओऽ, आओऽ, आऽ, ओ… फिस्.

सेनबा-सानचा हात आपोआप खाली गेला, चाकाची कळ जिथे असते तिथे. तिथे कळ नव्हती, खुर्चीचा दांडा होता.

पुन्हा एकदा वाजलं. ओऽ, आओऽ, आऽ, ओ… फिस्. आणि त्याच्या पाठीमागे, खूप लांब, चीं. थोड्या वेळानं पुन्हा, चीं.

"सेन्सेई, मागे चीं चीं कोण करतंय?" एका मुलीनं विचारलं.

"कुठला तरी किडा असेल," इगुची-सान म्हणाले. "दुपारचा आवाज आहे तो. सिकाडा, दुसरं काय."

"सिकाडा असा थांबून थांबून नाही ओरडत."

"काही ओरडतात," इगुची-सान ठामपणे म्हणाले.

सेनबा-साननी दांडा घट्ट धरला. आपलं परस, आपलं चाक, दुपारचे बारा. नवा मायक्रोफोन तपासायला तिनं मागल्या दारात ठेवला असणार आणि जेवायची वेळ झाली म्हणून फुंकलं असणार. शेवटी इमानदारीत सांगितलंही असणार: जागा आमचं परसदार, हवा स्वच्छ, पक्षी कुणी नाही, मी आहे, यांना जेवायला बोलावतेय. ती शेपटी यंत्रानं उडवली, कारण तो माणसाचा आवाज होता. आणि ही हाक ठेवली, कारण ही माणसाची आहे हे यंत्राला कळलं नाही. इगुची-सानना कळलं नाही, सेन्सेईंनाही नाही. सगळ्या पेटीतून बायको पुसली गेली आणि नेमकी एवढी उरली.

छातीत काहीतरी हललं. सुईचा अंमल उतरायला लागला की गालात मुंग्या येतात, तसं. सुखाचं नव्हतं ते.

पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. बोललो तर ही मंडळी हा आवाज पेटीतून काढून टाकतील. चुकीचा पक्षी ती एक दिवस ठेवायची नाहीत. न बोललो तर मिचिए जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जाईल, दरवर्षी नवी मुलं तिला ऐकतील, आणि ती कोण आहे ते जगात एका माणसाला ठाऊक असेल. हा विचार त्यांना आवडला. सहा महिन्यांत त्यांना काही आवडलं ते हे पहिलं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

वर्ग संपला. सेन्सेईंनी गोल करायला सांगितला, सेनबा-सानची खुर्चीही गोलात ओढली, आणि हजेरी सुरू झाली.

"घार?" सगळे हात वर. "हजर. समुद्री पाणकावळा?" चार हात. "हजर. दयाळ?" एक हात, तोही अर्धा. "पाहिलास की वाटलं?" हात खाली गेला. "गैरहजर. हरियाल?"

मुलं एका सुरात ओरडली, "ऐकला!"

"पेटीतला धरत नाहीत, किती वेळा सांगू?" सेन्सेईंनी पेन्सिल उचलली. "आज समुद्रानं येऊ दिलं नाही त्याला. हरियाल गैर…"

"पेटीतही नव्हता," सेनबा-सान म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण सगळ्या हिरव्या टोप्या त्यांच्याकडे वळल्या. त्यांना वाटलं होतं आपण बोलणार नाही. पण गोलात बसल्यावर त्यांना दिसत होती ती संध्याकाळभर धुमसणारी मिचिए, त्या मेल्या खंड्यावरून. तिच्याच नावाच्या पेटीत, तिच्याच तोंडून, न आलेला पक्षी हजर मांडला जात होता. ते ऐकून तिनं मंडळाला आणि नवऱ्याला, दोघांनाही घरात घेतलं नसतं.

"म्हणजे?" सेन्सेई म्हणाल्या.

"तो हरियाल नाही. ती मिचिए आहे. हात असे करून फुंकते. अंगठा वाकडा आहे ना तिचा, म्हणून शेवटी हवा जाते."

इगुची-सान उभे राहिले. "सेनबा-सान, असं… तुमची खात्री आहे?"

"तो तुमचा सिकाडा आहे ना," सेनबा-सान म्हणाले, "ते माझं मासे सुकवायचं चाक आहे. तेल घालायचं राहिलंय."

ती मुलगी जोरात म्हणाली, "बघा! मी म्हटलं नव्हतं?" आणि दोनतीन पोरं फिदीफिदी हसली. सेन्सेईंनी त्यांना गप्प केलं नाही. त्या सेनबा-सानकडे बघत होत्या. इगुची-सान मात्र उभ्या उभ्या रडायला लागले, साठी उलटलेला माणूस, मुलांसमोर, नाकातून पाणी येईपर्यंत. त्यांनी काय कापलं होतं ते त्यांना आत्ता पुरतं दिसलं.

"म्हातारा नर म्हणे," सेन्सेई पुटपुटल्या. "मिचिए-सान, कुठे असाल तिथे हसू नका." मग त्यांनी यादीवर हरियालाच्या नावापुढे गैरहजर लिहिलं, सावकाश, आणि पेन्सिल खाली ठेवली. "पेटीतून काढावा लागेल हा. तुम्हाला ठाऊक होतं ना, मी काढणार ते?"

"हो."

"मग का बोललात?"

"ती ओरडली असती."

सेन्सेईंनी मान हलवली. मिचिएचं ओरडणं त्यांनीही खाल्लं होतं. त्या म्हणाल्या, "हा आवाज तुमच्या घरी जाईल. इगुची-सान आजच आणून देतील."

"आधी एकदा लावा," सेनबा-सान म्हणाले. "आत्ता."

इगुची-साननी बाहीनं नाक पुसलं आणि कळ शोधली. या वेळी कुणी ओळखायचं नव्हतं, त्यामुळे मुलं नुसती ऐकत बसली. खेकडेवालाही. समुद्राचा आवाज खालून येत होता. मग कर्ण्यातून आधी चाक आलं, चीं, आणि मग ती.

ओऽ, आओऽ, आऽ, ओ… फिस्.

सेनबा-सान उठले. एकेचाळीस वर्षं त्यांनी या हाकेला उत्तर दिलं नव्हतं.

"आलो गं."

सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. गाल ओले झालेत हे त्यांना वाऱ्यामुळे कळलं. आणि पोटात काहीतरी पिळवटत होतं, आधी त्यांना वाटलं रडण्याचंच असेल, आजारी पडतोय की काय असंही वाटलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला. बारा वाजून गेले होते.

"सेन्सेई," ते म्हणाले, "जेवायला काय आहे?"